बारा वाजता मंडप रिकामा करा

मंडप-सतरंज्या भाड्यानं देणाऱ्या आमच्या बिछायत केंद्राला सॉफ्टवेअरची गरज आहे, हे अख्ख्या चामोर्शीत फक्त मला कळलं होतं.

बाबांना ते कळलं नव्हतं. बाबांचा सगळा कारभार डोक्यात. मार्कंड्याच्या जत्रेत आमच्या कनाती कुठे लागल्यात, स्वयंपाकाचा कोणता गंज कोणाच्या तेरवीत राहून गेला, कोणत्या सतरंजीला भोक आहे आणि ते कोणाच्या बिडीनं पडलं, सगळं तोंडपाठ! मला याची लाज वाटायची. आजच्या काळात माणूस धंद्यात स्वतःचं डोकं वापरतो म्हणजे काय?

म्हणून मी नागपूरला एका प्रदर्शनात गेलो. तिथे तीन कंपन्या पाहिल्या. पहिल्या कंपनीचा माणूस म्हणाला, "आधी तुमचं काम कसं चालतं ते सांगा." ज्याला आमचं काम माहीत नाही तो काय डोंबल सॉफ्टवेअर देणार! बाद. दुसरा म्हणाला, "तुमचं काम एका वहीत भागेल." हा तर सरळ अपमान. तिसऱ्यानं टाय घातला होता. तो पसंत पडला.

"सर, हे मुळात हॉटेलसाठी बनवलंय," टायवाला म्हणाला, "पण खोली काय आणि मंडप काय, कॉन्सेप्ट सेम!"

मी मान डोलावली. (कॉन्सेप्ट म्हटलं की माझी मान आपोआप डोलते. हा आजार आहे, पण तेव्हा मी त्याला हुशारी समजत होतो.)

घरी आल्याबरोबर मी वारलूभाऊंच्या हातात नवा फोन ठेवला. वारलूभाऊ आमच्या मंडप टाकणाऱ्या माणसांचे मुकादम. बांबूकडे नुसतं बघितलं तरी तो सरळ उभा राहतो, असा माणूस.

"आता बाबांना विचारायचं नाई, वारलूभाऊ. कुठी जायचं, काय न्यायचं, कधी काढायचं, सगळं फोन सांगन."

"अन् फोन चुकला तं?"

"फोन चुकत नाई. माणूस चुकते."

बाबा बाजूलाच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. "हे मात्र खरं हाय," माझ्याकडे बघत ते म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात एका घरी आमचा तेरवीचा मंडप गेला. दुसऱ्या दिवशी, ज्याचे वडील वारले त्या माणसाच्या फोनवर मेसेज: 'आपला मुक्काम आनंददायी झाला असेल. परिवारासह लवकरच पुन्हा या!' तो बिचारा फोन घेऊन आमच्या दारात उभा. बाबांनी त्याला हात जोडले, चहा पाजला, त्याच्या वडिलांच्या चार आठवणी काढल्या. मी आत मेसेज बंद करायचं बटण शोधत होतो. (सापडलं नाही.)

मग एक बारसं आलं. चाळीस बाया. सॉफ्टवेअरनं हॉटेलच्या सवयीप्रमाणे दर पाहुण्यामागे एक गादी, एक उशी आणि एक टॉवेल लावला! वारलूभाऊंनी ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि सतरंज्या नेल्या. बारसं झकास झालं. पण गाद्या-उशा गेल्या नाहीत म्हणून माझ्या स्क्रीनवर लाल चौकोन दिसत राहिला, आणि तो लाल चौकोन मला सहन होईना. मी वारलूभाऊंना त्यांच्या माणसांदेखत झापलं.

"डोकं चालवायचं नाई! मी म्हणलं तरी नाई, बाबा म्हणले तरी नाई. फोन म्हणन तेच करायचं!"

बाबांच्या बरोबरीनं आयुष्यभर बांबू रोवलेला माणूस. तो नुसता "बरं" म्हणाला. त्या 'बरं'ला मी शिस्त समजलो.

माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, सुषमाचं लग्न मे महिन्यात ठरलं. सासरे म्हणाले, "मंडप जावयाचाच पाहिजे." मी थोरल्या जावयाच्या थाटात अख्खं बुकिंग स्वतः भरलं. 'निघण्याची तारीख' अशी एक जागा होती, तिथे लग्नाचा दिवस टाकला. वेळ सॉफ्टवेअरनंच भरून टाकली. मी ती पाहिली नाही. तज्ज्ञ माणूस असल्या बारीकसारीक गोष्टी पाहत नाही.

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. वराकडची मंडळी डीजेपुढे धुरळा उडवत बसली, त्यामुळे नवरदेव पोहोचला तेव्हा बाराला पाच कमी होते. आमच्याकडच्या मे महिन्यात कुत्रीसुद्धा त्या सुमाराला नालीत जाऊन बसतात. मंडपाखाली मात्र गारवा, कुलर, अत्तर. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्याला भटजींनी सूर लावला आणि त्यांच्या टकलावर ऊन पडलं.

मी वर पाहिलं. कापड सरकत होतं! वारलूभाऊ आणि त्यांची माणसं शांतपणे दोऱ्या सोडत होती.

"अबे वारलू!" बाबा फेटा सावरत ओरडले. "काय करून राह्यला बे?"

"फोन म्हणते रिकामं करा." वारलूभाऊंनी फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'पाहुण्याने निघण्याची दुपारी १२ ची वेळ ओलांडली आहे. जागा त्वरित रिकामी करा. पुढील पाहुणे प्रतीक्षेत आहेत.' पुढचे पाहुणे म्हणजे घोट गावचा भागवत सप्ताह.

"मी सांगतो, थांबव!"

"तुमचं ऐकायचं नाई असं भाऊनं सांगितलं."

आता सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघू लागलं. मी तेव्हा घाईघाईनं फोनमध्ये 'मुक्काम वाढवा' शोधत होतो. ते दाबलं तर पाहुण्याचं ओळखपत्र मागू लागलं. मी टायवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तुम्ही तक्रार नोंदवा, दोन दिवसांत आमची टीम संपर्क करेल." इकडे वऱ्हाडानं उन्हापासून वाचायला खुर्च्या डोक्यावर धरल्या, तर वारलूभाऊंची माणसं खुर्च्याही मागायला आली!

"अहो, फोनमध्ये काय पाहून राह्यले?" माझी बायको कल्पना किंचाळली. "तोंडानं सांगा ना त्यायले!"

हे मला सुचलं नव्हतं.

"वारलूभाऊ, थांबवा!" मी ओरडलो.

"तोंडी चालत नाई, भाऊ," वारलूभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

सुषमाच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या होत्या. सासऱ्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी सगळ्या वऱ्हाडादेखत वारलूभाऊंसमोर गेलो आणि हात जोडले.

"माझं चुकलं. तुमचं डोकं चालवा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि वळून हाक मारली, "पकडा रे पोट्टेहो!"

पण निम्मे बांबू तोवर ट्रकमध्ये चढले होते आणि मुहूर्त आधीच टळलेला; भटजी आणखी थांबायला तयार नव्हते. बाबांनी फेटा काढून बाजूला ठेवला, एक बांबू उचलला आणि बोहल्याच्या कोपऱ्यावर स्वतः उभे राहिले. दुसऱ्या कोपऱ्यावर वारलूभाऊ, तिसऱ्यावर नवरदेवाचा मामा. चौथा बांबू कल्पनानं मला दिला. तो प्रेमानं दिला असं म्हणता येणार नाही. वर कापड ताणलं आणि उरलेली मंगलाष्टकं आम्हा चौघांच्या खांद्यावर पार पडली. घामानं माझे डोळे झोंबत होते, बांबू डुलत होता, पण सावली सुषमाच्या डोक्यावरून मी हलू दिली नाही. (जवळजवळ.)

जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बाकीचा मंडप पुन्हा उभा झाला होता. नवरदेवाकडचे एक म्हातारे आजोबा, ज्यांना कोण कोणाचं हे काही ठाऊक नव्हतं, पान चघळत बाबांजवळ आले.

"मंडप मस्त होता बरं का तुमचा. एक खांब तेवढा ढिला निघाला. पहिल्यापासून नुसता हलून राह्यला होता. बदलून टाका तो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"बदलता येत नाई, आजोबा. तो घरचा हाय."