राहुलचे डोळे

तार आली ती माझ्या मुलाच्या नावावर. पोस्टमन दारातूनच म्हणाला, "बाई, अनिल म्हंजे तुमचा पोरगाच ना?" सातवीतल्या पोराला तार कोण करणार! मी पोळ्या लाटत होते. अनिलनं शाळेतल्या तुटपुंज्या इंग्रजीवर ती वाचली आणि माझ्याकडे पाहत राहिला. "तुझी आई वारली, असं लिवलं हाय… पण तू तं इथं हायेस." तार दिल्लीची होती आणि खाली लीलाच्या कचेरीचं नाव होतं. लाटणं हातात धरूनच मी खाली बसले. माझी कॉलेजातली मैत्रीण गेली, एवढं मला कळलं. तार अनिलला का, ते कळायला तीन आठवडे लागले.

लीला दिल्लीच्या टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करायची. अमरावतीत टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे तिचा हा थाट आम्ही ऐकूनच मानला. नवरा नोकरीपायी अकोल्याला राहिला, ही एकटी तिकडे गेली. तिथं म्हणे फार गोड हिंदी बोलायची. इथं मे महिन्यात एसटीतून उतरली की पहिलं वाक्य ठरलेलं, "काहून वं सुधे, किती जाड झाली!" मग थेट अनिलकडे. त्याची उंची किती, बुटाचं माप काय, गणितात मार्क किती. पत्रांतूनही हेच. माझी चौकशी शेवटच्या ओळीत, तीही जागा उरली तर. मी तिला त्यावरून चिडवायचे.

आमची मुलं एकाच महिन्यात झाली. लीलाच्या घरचे नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्यानंतर घरात जन्मलेलं हे पहिलं लेकरू, म्हणून त्याचं नाव राहुल. तीन महिन्यांचा झाला तेव्हा ती फोटो काढायला निघाली होती. मीच आडवी गेले. म्हटलं, "वर्षाचा होऊ दे, मंग काढ. नजर लागते." ती हसली. "आमी आता असलं काई मानत नाई." पण थांबली. माझ्या शब्दाखातर थांबली… पावसाळ्यात राहुलला जुलाब लागले आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता आणि त्याचा एकही फोटो नव्हता.

नेण्याआधी तिनं फोटोवाल्याला घरी बोलावलं. मी अकोल्याला पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, राहुल मांडीवर. फोटोवाला म्हणाला, "इकडं पाहा," आणि तिनं खरंच मान वर करून पाहिलं. मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ते न बोलणं अजून माझ्या मागे आहे.

फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, घेऊन मीच अमरावतीला आले. आमच्या इथले एक म्हातारे कारागीर फोटोतले मिटलेले डोळे ब्रशानं उघडून देत. त्यांनी काच उजेडात धरली. "डोये काढून देतो पोरी, पण समोर तेवढंच लेकरू पायजे." मी घरी गेले आणि अनिलला घेऊन आले. खिडकीपाशी त्याला मांडीवर धरून बसले. तो काड्यापेटी खुळखुळवत कारागिराकडे टकामका पाहत होता, आणि इकडे ते डोळे एकेक रेघेनं राहुलच्या चेहऱ्यावर उमटत होते. मला भीती वाटली. आपलं लेकरू आपल्या हातानं तिकडे देतोय असं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली. लीलाला मी सांगितलं, अंदाजानं काढलेत. तिनं फोटो बराच वेळ पाहिला. "याचेच हायेत," म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिचे यजमान तो फोटो घेऊन आले. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. दिल्लीत तो तिच्या टेबलावर असायचा. कुणी विचारलं की ती सांगायची, मुलगा अमरावतीला मैत्रिणीकडे शिकतो, अनिल नाव, आता सातवीत आहे. ते खाली मान घालून म्हणाले, "तिच्या कचेरीतले लोकं मले इचारत होते, पोराले कळवलं का? मी काई बोललोच नाई. तिच्या डायरीत पत्ता होता. त्यायनंच तार केली." एवढ्यात अनिल आला. ते त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले आणि चहा आणि फोटो तसेच ठेवून उठले.

फोटो अनिलनं आपल्या टेबलावर ठेवला. मी काहीच सांगितलं नव्हतं. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे कोन रे?" "लीलामावशी." "आन् मांडीवर?" तो म्हणाला, "मीच असन. डोये माह्येच हायेत." मी आत भाजी निवडत होते. गप्प बसले असते तर लीलाचं दिल्लीतलं बोलणं खरं राहिलं असतं. पण राहुल दुसऱ्यांदा गेला असता. काकू गेल्यावर मी बाहेर आले आणि अनिलला सगळं सांगितलं. नजरेचं, फोटोवाल्याचं, काड्यापेटीचं. "त्याचं नाव राहुल. डोळे तेवढे तुझे."

त्यानं दप्तर ओढलं. मग भूगोलाच्या पुस्तकातून घडी घातलेली तार काढली. इतके दिवस ती त्यानं तिथं ठेवली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

"मंग हे तार त्याची हाय," म्हणाला, आणि फोटोच्या मागे खोचून ठेवली.