साल न काढलेलं स्टूल

वडिलांच्या हत्यारांच्या पेटीला मी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम होता. पेटी सागाची, कडी पितळेची. आत रंधे, पटाशा, आजोबांच्या हातची करवत आणि वाकस. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. वडिलांचा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव. ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हा पेटी उचलून त्यांनी चारकोपला पत्र्याची शेड टाकली आणि नव्या वसाहतीतल्या लोकांची दारं-खिडक्या करायला लागले. मी बारावी झालेली, एकुलती एक. मापं मी लिहायची, गिऱ्हाइकाशी मी बोलायची, भुसा मी झाडायची. पेटी मात्र कुडाळच्या चुलतभावाला जायची ठरलेली. तो पोस्टात कारकून होता आणि पटाशी कुठल्या बाजूने धरतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण तो मुलगा होता. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

वैशाखातल्या एका वादळात गोराईच्या एका टीचरच्या वाडीत जुना आंबा आणि सुरूची तीन झाडं आडवी झाली. टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या, आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. त्यांना त्याच झाडांची बाकं आणि टेबल करून हवं होतं, ओंडके दिसतील असं, जाडजूड. त्यांनी वडिलांना बोलावलं. तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आम्ही दोघं गेलो, माझ्या हातात मापाची वही.

वडिलांनी आंब्याच्या खोडावर हात फिरवला आणि मान हलवली. "ओलां लाकूड. त्यात पडलां ता पुनवेच्या तोंडार. चान्न्यातल्या लाकडाक भुंगो लागता. ह्येचा काय होवचा नाय."

आमच्याकडे कोकणात लाकूड काळोख्या पंधरवड्यात तोडतात. चांदण्यात तोडलं की कीड लागते, असं सगळेच सांगतात. मला मात्र राग आला, कारण माझ्या डोळ्यांसमोर बाक तयार उभं होतं.

"झाड काय पंचांग बघून पडलं?" मी म्हटलं.

टीचर हसल्या. वडील नाही हसले. ते तरीच्या दिशेने चालायला लागले आणि मी तिथेच उभी राहिले, कारण पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली मला एक लाल दांडा दिसला होता. टीचरच्या भावाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेली, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. चेनसॉ म्हणतात हे टीचरनी सांगितलं. मी तिला पहिल्या दिवसापासून मशीनच म्हटलं. भावाने ती एकदा चालवली, घाबरला आणि ठेवून दिली.

"मला द्याल?" मी विचारलं.

टीचरनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक टेबल, दोन बाकं, चार स्टुलं. ती टिकली तर मशीन तुझं, पोरी."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी लाकडाची ओढ कमी आणि त्या मशीनची जास्त होती. घरातल्या प्रत्येक हत्याराला बाप होता, आजा होता, वारस होता. ह्याला कोणी नव्हतं. ते उचलायला कोणाची परवानगी लागणार नव्हती.

त्या संध्याकाळी घरी जे व्हायचं ते झालं. वडिलांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. "कर," ते म्हणाले. "माझ्या शेडीत नाय, थंयच कर. पण दसऱ्यापर्यंत ह्यातली एक जरी वस्तू परत इली, तर मशीन खाडीत आणि तू कुडाळच्या स्थळाक होय म्हणशीत."

"म्हणेन," मी म्हटलं. कुडाळचंच एक स्थळ माझ्यासाठी सांगून आलं होतं, त्या मुलाचा फोटो मी धड पाहिलाही नव्हता. बिचारा चांगलाही असेल. मला तो नको होता, एवढंच. आई मध्ये पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांची गिरणीतली जुनी खाकी पँट कमरेत आवळून शिवून माझ्यासमोर टाकली आणि डब्याच्या चपात्या लाटायला बसली.

पँट घालून, ओढणी घरी ठेवून मी रोज तरीत बसायचे. लोक बघायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी दाखवायला काढलीय की लाकडं फोडायला?" मी म्हटलं, "दोन्हीला एकच पँट आहे, काकू."

मशीन मला कोणी शिकवलं नाही. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते एका कोळ्याने सांगितलं, त्याच्या होडीच्या इंजिनालाही तसंच लागायचं. बाकीचं मशीननेच शिकवलं. पात्याचं टोक लाकडाला टेकवलं की ते उसळून तोंडावर येतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. कपाळ दोन बोटांनी वाचलं. साखळी सैल झाली की निसटते. धार गेली की भुशाऐवजी पीठ पडतं, मग गोल कानस घेऊन एकेक दात घासत बसायचं. संध्याकाळी हात इतके थरथरायचे की चहाची बशी धरवत नसे. मी वाडीत एकटी हसायचे. एवढा आवाज मी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि मला कोणी गप्प बस म्हणत नव्हतं.

आंब्याचं खोड उभं चिरून बसायच्या फळ्या काढल्या, सुरूच्या ओंडक्यांचे पाय केले. मशीननेच खाचा पाडल्या, पाय ठोकून बसवले, वरून पाचरी मारल्या. खिळा एकही नाही. साल तशीच ठेवली. टीचरना ती आवडली होती, आणि मलाही. खडबडीत, काळपट, झाड अजून उभं असल्यासारखी. ज्येष्ठ लागायच्या आत सगळं पडवीत मांडून झालं. मी बाकावर चढून उडी मारून दाखवली. हललं नाही. टीचरनी मशीन तेव्हाच माझ्याबरोबर दिलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते रंधा मारत राहिले.

पावसाळाभर काही झालं नाही. माझी मान ताठ होत गेली. गणपती झाले, घट बसले. दसरा दोन दिवसांवर असताना तरीवाल्याकडून टीचरचा निरोप आला, येऊन जा.

पडवीत प्रत्येक वस्तूखाली पिवळसर पिठाचे ढीग होते. टीचर म्हणाल्या, "पाहुण्यांच्या चहात पडतंय गं." मी स्टुलाची साल नखाने उचकटली. ती सबंध सुटून हातात आली. खाली सगळी बोगदे-बोगदे झालेली जाळी, आणि त्यात पांढऱ्या अळ्या. वडिलांचं चांदणं खरं की खोटं मला माहीत नाही, पण सालीखाली भुंग्याला घर मी दिलं होतं. बाकीच्यांत कीड अजून वरवर होती. हे एक स्टूल मात्र आतून गेलं होतं.

"चुलीत घाल," टीचर म्हणाल्या. "बाकीची वाचवता येतील तर वाचव."

चुलीत घातलं असतं तर काहीच परत आलं नसतं. वडिलांना कळलंही नसतं. मी तरीत बसले तेव्हा स्टूल माझ्या मांडीवर होतं आणि खाली काळं पाणी. दोनदा ते काठावर ठेवलं. पण असं लपवून जिंकायचं, तर मग मी मशीन कशाला उचललं होतं? उतरून ओढणीच्या जागी आणलेल्या टॉवेलची चुंबळ केली, स्टूल डोक्यावर घेतलं आणि चारकोपपर्यंत चालत गेले. पीठ मानेवर, पाठीवर सांडत होतं.

वडील शेडीत हत्यारं पुसत होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. मी स्टूल त्यांच्यासमोर आपटलं.

"एक वस्तू परत आली, बाबा. भुंगा लागला. मी शब्द दिला होता, तो मोडतेय. मशीन खाडीत जाणार नाही आणि मी कुडाळला जाणार नाही."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. उकिडवे बसून लाकडाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"साल कित्या काढूक नाय?"

"कशाने काढू?" मी म्हटलं. "मशीनने साल निघत नाही, लाकूड निघतं. साल तासायचं हत्यार तुमच्या पेटीत आहे आणि पेटीला मला हात लावायचा नाही. दाताने काढू? मी चुकले, कबूल. पण अर्धी चूक त्या पेटीत कुलूप लावून ठेवलीय, ती तुमची आहे."

शेडीत कोणी कधी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. ते उठले आणि जेवायला गेले. मी तिथेच, स्टुलाशेजारी बसून राहिले. मोडलेल्या शब्दाचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि त्यानंतरही कधी वाटलेलं नाही.

सकाळी त्यांनी पाट मांडला. झेंडूची फुलं, हळद-कुंकू. रंधे ओळीने, पटाशा ओळीने, आजोबांची करवत मध्ये. खंडेनवमीला हत्यारं पाटावर विसावतात, त्या दिवशी त्यांना कोणी कामाला लावत नाही. गिरणीतसुद्धा वडिलांनी हे कधी मोडलं नव्हतं. मी दारात उभी होते. पाटावर एक जागा रिकामी होती.

वाकस त्यांच्या हातात होता. त्यांनी तो दांड्याकडून माझ्यापुढे धरला.

"आज?" मी म्हटलं. "आज तर हत्याराला सुट्टी."

"भुंग्याक खंय सुट्टी असा?" ते म्हणाले. "थंय अजून सहा वस्तू हत. पाय संभाळ. हेचा पाता उलटा येता."

मी वाकस घेतला. तो वाटला होता त्याहून जड होता. मग घरात गेले, गोणपाटातून मशीन काढलं, पुसलं आणि पाटावरच्या त्या रिकाम्या जागी नेऊन ठेवलं. विचारलं नाही. वडिलांनी हळदीचं बोट बुडवलं, मशीनच्या लाल अंगावर ओढलं आणि पुढच्या पटाशीकडे वळले.

पहिली होडी पकडायची होती. मी पँट घातली.