काळ्या कापडावरची बैठक

माझ्यासारख्याने छापील मासिकात लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. आमच्या घरात लेखणी धरणारा मी पहिलाच. वडील वलगावला वांगी, मिरच्या आणि झेंडू पिकवतात, आणि कागदावर अंगठा करतात. तीन वेळा लिहायला बसलो, तिन्ही वेळा कागद घडी घालून ठेवून दिला. एक तर भाषा तोकडी. दुसरे म्हणजे विषय असा, की कॉलेजातले सोबती हसतील. भूतखेत, अंगात येणे, करणी... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावी कोणी असे काही सांगू लागले की मी उठून मळ्यात जात असे. आजही माझा विश्वास बसला आहे असे नाही. पण जे डोळ्यांनी पाहिले ते नाकारूही शकत नाही.

मी अमरावतीला कॉलेजात शिकतो आणि परकोटाच्या आत, माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी राहतो. तिला आम्ही बाई म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी गणपतराव, टांग्यांच्या आणि मोटारींच्या गाद्या भरतात. घर दोन खोल्यांचे, पुढे ओसरी, आणि अंगणापलीकडे एक पत्र्याची खोली, तिथे त्यांचे काम चालते. घरात चौथे माणूस म्हणजे वहिनी... भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको, नाव सरस्वती. सगळे सरू म्हणतात.

तो थोरला भाऊ किसन. लढाई सुरू झाली तेव्हा लॉरी ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि बोटीने आफ्रिकेकडे गेला. पहिली काही पत्रे आली. मग पत्रे थांबली, पैसेही थांबले. मी कॉलेजातल्या इंग्रजीच्या जोरावर सरकारला दोन अर्ज लिहिले. एकाचे उत्तर आले, की तपास चालू आहे. दुसऱ्याचे आलेच नाही. चौदा महिने असे गेले. वहिनी रोज कुंकू लावत होती, आणि गल्लीतल्या बायका रोज तिच्या कपाळाकडे पाहत होत्या.

आता मोटारीचे सांगतो. इथल्या एका वकीलसाहेबांकडे जुनी मोठी मोटार आहे. लढाईमुळे नवी मोटार मिळत नाही, म्हणून त्यांनी आहे तीच सुधारून घ्यायचे ठरवले. पुढच्या दोन्ही शिटा पार बसल्या होत्या, स्प्रिंगा टोचत होत्या. अकोल्याला कोणाची तरी अलीकडची मोटार नाल्यात जाऊन मोडली होती. तिच्या पुढच्या शिटा वकीलसाहेबांनी विकत घेतल्या आणि भाऊजींना बोलावून म्हणाले,

"गणपत, बसल्यावर नव्यासारखं वाटलं पाहिजे, पण बघणाऱ्याला जुन्यासारखं दिसलं पाहिजे. पुढचं आणि मागचं एका आईची लेकरं वाटली पाहिजेत."

"वाटतीन साहेब. जुळी वाटतीन," भाऊजी म्हणाले.

शिटा आणायला मी आणि भाऊजी बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला गेलो. तिथेच वहिनीचे वडील राहतात. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा भाजीचा मळा आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी आम्हाला जेवायला वाढले आणि मग मुद्द्यावर आले.

"गणपतराव, लेक माही तेवीस वर्सायची हाय. बाळापूरकडचा एक मानूस पाह्यला. बायको मेली त्याची, संत्र्याचा बगीचा हाय, सभावानं गरीब हाय. पाट लावून देतो म्हन्तो मी. तुमी मोकळीक द्या."

आमच्यात पाट, म्हणजे बाईचे दुसरे लग्न, लागतो. पण नवरा मेल्याची खात्री नसेल, तर सासरच्यांनी पंचांपुढे मोकळीक लिहून द्यावी लागते, की आमचा माणूस परागंदा आहे, त्याची वाट पाहणे आम्ही सोडले. भाऊजी बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले. आबा वाईट माणूस नाही. त्यांचे वय झाले आहे, आणि लेकीला एकटी टाकून जायची त्यांना भीती आहे.

"आयतवारी या," भाऊजी शेवटी म्हणाले. "रामा लिहून देईन."

रामा म्हणजे मी. मी मान हलवली. तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नाही, हे इथे लिहिताना लाज वाटते.

शिटांचे काम आठ दिवस चालले. मागच्या सीटचे जुने कातडे काळपट तांबडे, त्यावर उभ्या नळ्या शिवलेल्या. तसा रंग आता बाजारात मिळत नाही. भाऊजींनी दोन रंग मिसळून तेलात खलले आणि नव्या कातड्यावर फडक्याने सात-आठ हात दिले. मग वाटले, फार नवे दिसते आहे, म्हणून ताक चोळले आणि उन्हात ठेवले. नळीची रुंदीही जुन्या नळीवर दोरा धरून घेतली. माझ्याकडे काथ्या पिंजण्याचे काम होते.

"रामाले बी.ए. होऊ द्या, मंग तो काथ्या इंग्रजीत पिंजीन," बाई ओसरीवरून म्हणायची.

कातडे चढवण्याआधी भाऊजींची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, इतके झाले की ते वर काळे कापड ताणून बांधतात आणि त्यावर खडूची भुकटी पातळ, सारखी भुरभुरतात. मग गिऱ्हाइकाने त्यावर एकदा बसायचे आणि सरळ उठायचे. जिथे वजन पडते तिथली भुकटी अंगाला लागून जाते आणि कापड काळे दिसते. त्याला भाऊजी 'बैठक' म्हणतात. बैठक पाहून कुठे कापूस घालायचा, कुठे काढायचा ते ठरते. धोतरवाले गिऱ्हाईक यावर काही बोलत नाही, पतलूनवाले चिडते.

आयतवारी दुपारी आबा आले. त्याच दिवशी चार वाजता वकीलसाहेब बैठक द्यायला येणार होते. मी स्वतः डावीकडच्या सीटवर भुकटी टाकली. वकीलसाहेब ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, म्हणून डावी. शेजारच्या कोंबड्या शिरू नयेत म्हणून खोलीला कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात घातली. खोलीला खिडकी नाही. मग ओसरीवर येऊन मोकळीकीचा कागद लिहायला बसलो. आबा सांगत होते, भाऊजी खाली पाहत होते. वहिनी आत भाकरी करत होती. तव्याचा आवाज येत होता, तिचा नाही.

चार ओळी झाल्या होत्या, तेवढ्यात वकीलसाहेबांची मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी लेखणी ठेवली आणि जाऊन कुलूप उघडले.

काळ्या कापडावर बैठक उमटलेली होती.

मला वाटले मीच भुकटी नीट टाकली नसेल. भाऊजी मागून आले, त्यांनी पाहिले. वकीलसाहेब हसून म्हणाले, "काय रे गणपत, माझ्या आधी कोणाला बसवलंस? आमच्या पक्षकारालाही इतकी घाई नसते."

"कोनालेच नाई साहेब. रामा, तू बसला का बे?"

"नाही भाऊजी. किल्ली माझ्याजवळच होती."

भाऊजींनी कापड झटकले. कापूस खरोखरच दबलेला होता, तो त्यांनी हाताने फुलवला. सगळ्यांच्या देखत पुन्हा भुकटी टाकली. वकीलसाहेबांनी स्वतः खोलीत फिरून पाहिले, सीटच्या खाली छडी घालून पाहिली. मग त्यांनीच कुलूप लावले आणि किल्ली आपल्या मुठीत ठेवली. ओसरीवरून आबाही आले होते. आम्ही चौघे दारासमोर अंगणात उभे राहिलो. चहा पिऊन होतो इतका वेळ गेला असेल.

त्यांनी दार उघडले.

तीच बैठक. तशीच्या तशी.

माझे हातपाय गार पडले. हे 'गार पडणे' मी पुस्तकात वाचले होते. ते खरेच बोटांपासून सुरू होते, हे त्या दिवशी कळले. वकीलसाहेब दोन पावले मागे सरले. "मी... मी उद्या येतो," एवढेच म्हणाले. किल्ली माझ्या हातात कोंबली आणि गेले. मोटार चालू होण्याचा आवाज आला तेव्हा मला फार एकटे वाटले.

भाऊजी गुडघ्यावर बसून कापडाकडे पाहत होते. उजवीकडचा ठसा खोल, गोल, आणि थोडा मागे सरकलेला. त्यापासून मांडीची पट्टी पार सीटच्या कडेपर्यंत. डावीकडचा ठसा फिका आणि बाहेर वळलेला. डावी मांडी मात्र अर्ध्यावरच संपली होती. तिथून पुढे भुकटी जशीच्या तशी, पांढरी.

"दादाची बैठक हाय हे," भाऊजी म्हणाले.

"काय बोलून राहिले तुमी?" दारातून बाई म्हणाली.

"ल्हानपनी बैलबंडीखाली आल्ता तो. तवापासून उजव्या अंगावर बसते. हे काम शिकलो मी त्याले बसवून बसवून. शंभर खेप पाह्यली ही बैठक, डावी मांडी तेवढी कधी अशी अर्धी नव्हती. वळखू नाई का मी?" ते बाईकडे वळले. "गेला वं... दादा गेला आपला. सांगाले आला व्हता."

बाईने पदर तोंडात धरला. आबांनी डोक्यावरचे पागोटे काढले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आता तं झालं. आता कागदाची बी गरज नाई. पोरीचं कुंकू पुसा, दहावं-तेरावं करा, आन् मले माही लेक द्या."

तेव्हा वहिनी आली. हाताला पीठ होते. तिने कोणाला काही विचारले नाही. सीटजवळ उकिडवी बसली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तर्जनी उजव्या ठशाच्या मधोमध ठेवून दाबली.

"भाऊजी, कापूस दबला हाय ना हा?"

"व्हय."

"आपोआप दबते का?"

"नाई वैनी. मानसाचं वजन पडल्याबिगर नाई दबत."

"मंग मेलेल्याले वजन कुठचं?" ती उठून उभी राहिली. "आबा, सांगा नं. चिता इझल्यावर काय उरते? मूठभर राख उरते. राखेनं गादी दबते का? वजन हाय म्हन्जे मानूस हाय. कुठी बी असो."

"पोरी, इचार कर..."

"चौदा महिने इचारच करून राहिली मी. दुसरं काय केलं?"

मग ती माझ्याकडे वळली. "रामभाऊ, तू कालेजात जातं. तू सांग. मेलेल्याले वजन राह्यते का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वजन, दाब, पदार्थ... दोन वर्षे जे पाठ केले होते त्यातले एक वाक्य आठवेना. मी म्हणालो, "मला माहीत नाही वहिनी." आणि मग, मोठ्यांच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदाच, "पण तो कागद मी पुरा करणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

भाऊजी मला मारतील असे वाटले. त्यांनी मारले नाही. आबा संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भुकटी टाकून पाहिली. तिसऱ्या दिवशीही. काही उमटले नाही. मी स्वतः बसलो, भाऊजींना बसवले, वजनदार शेजाऱ्याला बसवले. कोणाचीच बैठक तशी येईना. उंदीर, वारा, स्प्रिंगांचा जुना ताण, सगळे तपासले. स्प्रिंग फार तर कापूस उचलील, मांडीची पट्टी कशी काढील? आमच्या सायन्सच्या प्रोफेसरांना भीत भीत विचारले. ते म्हणाले, "दुपारी काय खाल्लं होतं?" मी परत विचारले नाही.

आठवडाभराने वकीलसाहेब आले, बैठक देऊन गेले. सीट तयार झाली. मागच्या सीटशी इतकी जुळली की नवी कोणती ते त्यांच्या ड्रायव्हरलाही सांगता येईना. त्या दिवसाबद्दल त्यांनी आमच्याशी पुन्हा एक अक्षर काढलेले नाही.

त्यानंतर साडेचार महिने गेले. वहिनी कुंकू लावत राहिली. भाऊजींनी तिला काही म्हटले नाही, पण ती समोर आली की ते नजर वळवत. त्यांच्या मनात भाऊ गेलेलाच होता. मी मात्र ना इकडचा ना तिकडचा. आजही या सगळ्याचा उलगडा मला झालेला नाही. कोणा वाचकाला होत असेल तर कळवावे, मी आभारी राहीन. माझ्याजवळ सांगण्यासारखी शेवटची गोष्ट फक्त ती आहे, जी गेल्या महिन्यात पोस्टमनने आणली.

कैद्यांच्या छावणीचा छाप असलेला तो कागद होता. सेन्सॉरने तारीख आणि वरच्या दोन ओळी काळ्या केल्या होत्या, त्यामुळे तो कधी लिहिला ते कळायला मार्ग नाही. अक्षर किसनभाऊंचे नव्हते. छावणीच्या दवाखान्यातल्या, साताऱ्याकडच्या कोणा जवानाने त्यांच्या सांगण्यावरून लिहिले होते. वहिनी चुलीपुढून उठली नाही. "वाच," म्हणाली. भाऊजी दारात उभे होते. मी वाचले...

"सरूस आणि गणपतास किसनचा आशीर्वाद. मी शत्रूच्या कैदेत आहे, पण जिवंत आहे. लॉरीखाली सुरुंग फुटला. डावा पाय मांडीतून कापावा लागला. पुष्कळ महिने पाठीवरच पडून होतो. आज डॉक्टरने मला पहिल्यांदा उठवून खुर्चीवर बसवले. थोडा वेळ बसलो, मग घेरी आली म्हणून निजवले. थोड्या वेळाने मी पुन्हा बसवा म्हणालो, तेव्हा पुन्हा बसवले."