गुरवारचा उपास

मी धोंडुबाई. दवाखान्यात आया हाय, म्हणून मेहरुन्निसा सिस्टरला जवळनं बघितलंय. बाई कुरुंदवाडची, अंगानं काटकुळी, पण जीभ म्हंजे लवंगी मिरची. डॉक्टर असू दे न्हायतर पेशंटचा पावणा, चुकला की जाग्यावर झाडणार.

पण आजारी माणूस कसं बघावं ते तिनंच. पेशंट "बरं हाय" म्हणाला की ही त्याच्या छातीकडं बघणार, श्वास मोजणार, नखं दाबून बघणार. नव्या पोरींना सांगायची, "बरं हाय म्हणायची आपल्याकडं सवयच हाय. व्हय-न्हाय उत्तर येईल असं इचारूच नगा. त्यांच्या तोंडनं वदवून घ्या." साखरेच्या पेशंटला सुई शिकवली की त्याच्या हातनं करून घेतल्याबिगर घरला सोडायची न्हाय. पोरी वैतागायच्या. मी बी वैतागायचो, खोटं कशाला बोलू.

मुरगूडच्या आक्का पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला आल्या. सिस्टरनं आदल्या सांजेला बजावलं, "उद्या सकाळी उपाशी राहायचं, आक्का. भूल द्यायची हाय. पोटातलं उलटून छातीत गेलं तर जिवावर बेततंय."

"राहतो की," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी सिस्टर रजेवर. सगळा वॉर्ड हिच्या एकटीच्या गळ्यात, त्यात ऑपरेशन थेटरातनं फोनवर फोन. ट्रॉली ढकलता ढकलता हिनं इचारलं, "उपाशी हायसा न्हवं?"

"व्हय, उपासच हाय."

भूलवाल्या डॉक्टरांनी इचारलं, त्यांना बी हेच उत्तर. कुणालाच काय वावगं वाटलं न्हाय.

भूल चढली आणि आक्कांना उलटी झाली. शाबूची खिचडी. बरीचशी छातीतच उतरली. ऑपरेशन राहिलं बाजूला, आक्कांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. बाहेर त्यांची लेक पूर्णिमा रडत सांगत होती, "सकाळी मीच दिली वाटीभर. उपासाला चालतीय की."

सिस्टर माझ्याकडं वळली. "धोंडुबाई, रोज्याला आम्ही पाण्याचा थेंब घेत न्हाय. पण उपासाला शाबू चालतोय हे मला ठावं न्हवतं व्हय? शेजारच्या काकूंची खिचडी खाऊन वाढलो मी. काय खाल्लंसा, एवढं इचारलं असतं तर?"

दिव्याखाली अंधार म्हणत्यात तो ह्योच. राग आला मला तिचा. त्याहून जास्त राग आला दोघींचं काम एकीच्या उरावर टाकणाऱ्यांचा.

त्यानंतर ड्युटी संपली तरी ती आक्कांच्या उशाशी उभी असायची. कुणाला झाडणं न्हाय, कुणावर आवाज चढवणं न्हाय. आक्का गेल्या तर ही परत कुठल्या पेशंटला हात लावील असं वाटत न्हवतं.

शेवटी नळी निघाली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोललं की धाप लागत होती. तरी आक्कांनी खुणेनं सिस्टरला जवळ बोलावलं.

"सिस्टर, माझा उपास सोमवारचा असतोय. तुमच्या शब्दाखातर गुरवारी धरला. भाताचं शीत तोंडात घातलं न्हाय. मग माझं कुठं चुकलं वो?"

सिस्टरनं त्यांचा हात धरला. रडं आवरंना तिला.

"तुमचं न्हाय चुकलं, आक्का. तुम्ही माझं ऐकलंसा. इचारायला मी चुकलो."