नानांची अफू आणि माझी मुलगी

माझे सासरे, म्हणजे नाना, अफू खात. लपूनछपून नव्हे. त्यांच्याकडे सरकारी परवाना होता आणि धरणगावच्या दुकानातून ते आपला वाटा रीतसर आणत. दिवसातून दोनदा गोळी घेतली की ते भिंतीला टेकून बसत, आणि आम्ही त्यांना काही विचारत नसू.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. मुलगी सात महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. दिवसभर ती सासूबाईंकडे असे. ती कधी रडत नसे. शेजारणी म्हणत, "बाईंची पोर किती गुणी." मला ते आवडे. ती दूध कमी पिते, अंगी लागत नाही, हे मला दिसत होतं. पण गुणी मुलीत खोट कशाला काढायची?

एके दुपारी शाळेतून आले तर ती पाळण्यात निजली होती. ओठ निळसर पडलेले. एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. मी हाक मारली, हलवलं. ती जागी होईना. नाना उठून आले. त्यांनी अंगठ्याने तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती.

"हिले अफू कोनी दिन्ही?" त्यांनी विचारलं.

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "रोज कनीएवढी देस. आज दातस्ना तरास व्हता, म्हनीसन जरा जास्ती."

नानांनी तिला उचललं आणि ते दवाखान्याकडे धावत सुटले. ते धावू शकतात हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी नळी घालून पोट धुतलं, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "झोपू देऊ नका. झोपली तर श्वास घ्यायचा राहील." आम्ही आळीपाळीने तिच्या तळपायांवर टिचक्या मारत बसलो. दिवेलागणीला ती रडली.

नानांनी अफूची डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि "आता बंद" म्हणून ते घरी आले.

तिसऱ्या दिवशी घरात दोन आजारी होते. मुलगी सारखी रडे, जांभया देई, तिचं नाक गळे, पोट बिघडलेलं. नानांनाही जांभया, नाक गळणं, जुलाब. शिवाय पाय इतके दुखत की ते जमिनीवर आपटत. सासूबाईंनी दोघांची एकदमच दृष्ट काढली. डॉक्टर आले, दोघांना पाहिलं आणि म्हणाले, "दुखणं एकच आहे." मुलीला त्यांनी औषध दिलं. नानांना मात्र रागावले: या वयात एकदम सोडायची नाही, थोडी थोडी कमी करायची. डबी परत मिळाली. नानांना लाज वाटली, पण त्यांनी ती घेतली.

पंधरा दिवसांत मुलगी भुकेने रडू लागली. नानांना वर्ष लागलं.

मी सासूबाईंशी महिनाभर धड बोलले नाही. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता त्यांनी आपणहून विचारलं, "डोळानी बाहुली बारीक व्हस, ते बठ्ठास्नंच व्हस का?"

"सगळ्यांचीच नाही. अफू जास्त झाली तर होते," मी म्हटलं.

त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुपाची दुसरी बाजू निवडायला घेतली.