परत आलेला कायदा

आमच्या चाळीतली हायदलामावशी पाव छातीशी धरून कापायची, आणि कापण्याआधी सुरीच्या टोकाने त्याच्या पाठीवर क्रूस काढायची. दुपारी खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून, खाली अंगणात कोण आलं-गेलं ते बघायची. शनिवारी जिना धुवायची. आपल्या मजल्याचा, आणि पुटपुटत वरच्या बिऱ्हाडाचाही. चाळीतलं कोणी बाहेर असलं तर ते घरी येईपर्यंत जिन्यातला दिवा मालवू द्यायची नाही. टीव्हीवरच्या बातमीदाराला उलट उत्तरं द्यायची, तीही पोलिशमध्ये. "तो वॉर्साचा. त्याला आपलं काय कळणार?" देवाशी आणि मांजराशी मात्र आमच्या, पोलंडच्या या कोळशाच्या मुलखातल्या, सिलेशियन भाषेत बोलायची.

तिला पुरून आता महिना होईल. अंगणातून जाताना मी अजून वर बघते.

ती खाणीवर, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत कामाला होती. कामाची पाळी सुरू झाली की खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा दिवा द्यायचा, पाळी संपली की परत घेऊन त्याच्या आकड्यावर टांगायचा. आकडा रिकामा राहिला तर माणूस खाली राहिला. एका हिवाळ्यात तिच्या नवऱ्याचा, आखिमचा, आकडा रिकामा राहिला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

म्हातारपणी तिला एकच गोष्ट हवी होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला जी शाळा आहे, तिथं लहानपणी सिलेशियन शब्द तोंडातून निघाला म्हणून तिनं हातावर पट्टी खाल्ली होती. त्याच शाळेत तिला सिलेशियनचा तास घ्यायचा होता. मुख्याध्यापिका बोझेनाबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्या भाषेला मान्यता देणारा कायदा होऊ द्या. सप्टेंबरपासून आठवड्याचा एक तास तुमचा." काही आईबापांनी मुलांची नावंही दिली.

वसंतात वॉर्साच्या संसदेनं कायदा मंजूर केला. चाळीत वरून गोड चुरा घातलेला केक भाजला गेला. मावशीनं रंगीत कागद आणि रिबिनी आणल्या. आमच्याकडे पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला कागदाचा भलामोठा शंकू देतात, आत खाऊ, वर रिबीन. त्याला तिता म्हणतात. मावशी शाळेत गेली तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं होतं. तिला कोणी तिता दिली नव्हती. आता तिच्या तासाच्या प्रत्येक मुलाला ती स्वतः देणार होती.

"मावशी, अजून राष्ट्राध्यक्षांची सही व्हायचीय," मी म्हणाले.

"मग करेल की. त्याचं काय जातंय?"

"त्यांना नाही म्हणायचा अधिकार आहे."

"म्हणजे सगळ्या घरानं हो म्हणायचं, आणि एका सासऱ्यानं मान हलवली की लग्न मोडलं?"

"मोडत नाही. संसदेनं परत मत द्यायचं. पण तेव्हा पाचात तिघं हो म्हणायला हवेत."

"आपल्याकडे किती आहेत?"

"अडीचाच्या थोडे वर."

तिनं शंकू गुंडाळला, कडेला खळ लावली. "अर्धा माणूस कुठून आणायचा गं पोरी?"

मी साहित्य शिकले. हिशेब माझा प्रांत नव्हता. मी पुढचा कागद तिच्यापुढे सरकवला.

मे महिन्याच्या शेवटी राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. कायदा कारणांसह संसदेकडे परत. ही भाषा नव्हे, बोली आहे, असं कारण होतं. मावशी खिडकीतच होती. मी खालून सांगितलं. तिनं कोपराखालची उशी सरळ केली.

"बोली," मग ती म्हणाली. "पट्टी मात्र भाषेएवढी लागायची."

मी वर गेले. तिनं कॉफी ओतली, साखर विसरली.

"परत आलंय ना ते?" तिनं विचारलं.

"हो. संसदेकडे."

"मग मेलं नाही. माझ्याकडे जे परत यायचं नाही, ते मेलेलं असायचं."

"तिथं तसं नसतं, मावशी. मतं कमी आहेत. हरायचंच असेल तर मतदान घेतंय कोण? समितीत पडून राहील. पुढचा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत."

"तो कधी?"

"निवडणूक पुढच्या वर्षी."

"आणि तोही नाही म्हणाला तर?"

मी कप पुढे ओढला. "घे, साखर घे," ती म्हणाली. "मला सगळं कळतंय. उगाच विचारते."

दोन दिवसांनी बोझेनाबाई जिना चढून आल्या. दमल्या होत्या, पण बसल्या नाहीत.

"कायदा नाही तर अनुदान नाही, हायदलाबाई. अनुदान नाही तर तास नाही."

"मी पैसे मागितले का?"

"तुम्ही नाही हो. पण वेळापत्रकात काय लिहू?"

"लिहा, म्हातारीला वेड लागलंय."

बोझेनाबाई हसल्या, मग डोळे पुसले. "वर्षातून एकदा आपल्या प्रदेशाचा दिवस करतो आम्ही. पारंपरिक पोशाखात या. दोन गाणी म्हणा."

त्या गेल्यावर मावशी म्हणाली, "बघितलंस? भाषा नको. घागरा पाहिजे."

मला वाटलं होतं, आता रंगीत कागद माळ्यावर जाईल. गेला नाही. जून गेला, जुलै गेला. टीव्हीवर संसदेचं कामकाज लागलं की ती आवाज वाढवायची. आमचा कायदा आला नाही की कमी करायची. वॉर्सात खासदार राष्ट्राध्यक्षांना दोष देत, राष्ट्राध्यक्ष त्यांना. एकदा ती पडद्याला पोलिशमध्ये म्हणाली, "भांडा, भांडा. आम्हाला वेळच वेळ आहे." मग पुन्हा कात्री घेतली.

"तास नाही, तर कुणासाठी करतेस?" मी विचारलं.

"पोरं तर येणारच ना सप्टेंबरात? दारात उभी राहून देईन. दार राष्ट्राध्यक्षाचं नाही."

ऑगस्टच्या एका दुपारी खिडकीत उशी होती आणि ती नव्हती. मी वर गेले. ती खुर्चीत बसली होती, चष्मा मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. जिन्यातला दिवा त्या दिवशी कोणी मालवला नाही.

आज तिचं घर रिकामं करायला आले. तयार तिता कपाटावर ओळीनं उभ्या आहेत. शेवटची निळी टेबलावर आहे. शंकू चिकटवून झालाय, खाऊ आत आहे. रिबीन कापून शेजारी ठेवली आहे. गाठ मारायची राहिली.