न खेळता जिल्ह्यात पहिल्या

आमी तीन वर्षं फुटबॉलमध्ये जिल्ह्यात पहिल्या आलो, आणि त्या तीन वर्षांत जिल्ह्यात एकही मॅच खेळलो नाही. हसू नका. मुलींची टीम दुसऱ्या कुठल्या शाळेनं कधी पाठवलीच नाही. आमच्या चुडाव्याच्या शाळेत खेळाच्या सरांनी खो-खोच्या पोरी गोळा करून टीम उभी केली. उंच म्हणून मी गोलकीपर. परभणीला जायचं, मैदानात रांगेत उभं राहायचं, समोर कुणीच नाही, पंचांनी शिट्टी मारायची: पुढे चाल. फोटो काढून घरी. गावात सत्कार झाला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या कॅप्टनला लाज वाटत नव्हती, राग यायचा. बुद्धविहारामागं तिचं घर. आई शाळेतच खिचडी शिजवायची. "खेळल्याबिगर कशाच्या पहिल्या गं आपण?" म्हणायची आणि सत्काराचा हार काढून शेळीपुढं टाकायची.

एकदा सरांनी मोबाइलवर एका देशाची मॅच दाखवली. समुद्रातलं बेट. सगळा देश मिळून आपल्या गंगाखेडाएवढी वस्ती नाही, असं सर म्हणाले. तिकडं बेटाबेटांच्या मिळून स्पर्धा असतात, आपल्या विभागीयसारख्या. पळणं, पोहणं, फुटबॉल, सगळं त्यात. हा देश दरवेळी सपाटून मार खायचा. त्या मॅचलाही खाल्ला. पण संपता संपता त्यांनी एक गोल घातला आणि असे नाचले, असे नाचले, की आमची हसून हसून पोटं दुखली. कॅप्टन तेवढी हसली नाही.

"सर, त्यांचा त्यो गोल कुठं लिहून ठेवतेत का?"

"ठेवतेत की. देशाच्या नावावर लागला त्यो."

"मंग आपल्या नावावर बी एक पायजे. हरलो तरी चालंल. एक गोल, बास."

त्या दिवसापासून तिनं माझा जीव खाल्ला. शाळा सुटली की मला गोलात उभं करायची आणि हात लाल होईपर्यंत बॉल मारत राहायची.

पहिली दोन वर्षं विभागीयला घरच्यांनी जाऊच दिलं नाही. पोरी मुक्कामाला कशाला, म्हणे. तिसऱ्या वर्षी सर घरोघर फिरले. पुढच्या वर्षी आमची वयं बसणार नव्हती, म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

विभागीयला समोरच्या पोरींच्या पायात खिळ्यांचे बूट, आमच्या पायात कॅनव्हासचे. पुढचं काय सांगू? नऊ गोल खाल्ले मी. जाळीतून बॉल काढून काढून रडकुंडीला आले. आणि मग शेवटाला बॉल कॅप्टनच्या पायात आला. तिनं एकीला चकवलं, दुसरीला चकवलं. आता समोर फक्त त्यांची गोलकीपर. मी माझ्या टोकाहून घसा फाडून ओरडायले, "मार! मार गं!"

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. सकाळच्या उद्घाटनाचे पाहुणे दुपारी उगवले होते, मुडदा बशिवला त्यांचा! माईकवरून टाळ्यांची फर्माईश झाली, पंचांनी लांब शिट्टी मारली, आणि सगळं मैदान मंडपाकडं तोंड करून टाळ्या वाजवायला लागलं. त्यांची गोलकीपरसुद्धा. कॅप्टन थांबली नाही. तिनं मारला. कोपऱ्यात, उजवीकडं, जाळी पार हलली. पाहिला तो मी एकटीनं.

ती पंचांकडं पळत गेली. "सर, गोल."

"कशाचा गोल? मॅच संपली."

"टाइम हाय की अजून."

आमचे सर बिचारे हात जोडून म्हणाले, दोन मिनिटं खेळू द्या साहेब. पंच म्हणाले, "निकाल लागलाच हाय ना, मास्तर? पाहुण्यांना उशीर व्हायलाय." मग शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. आमी उन्हात बसून ऐकलं. बॉलला कॅप्टननं परत पाय लावला नाही, आणि शाळेतली मुलींची टीमही तिथंच मोडली. आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

परवा पाथरीला तिच्या घरी गेले होते. तिचं सासर तिथलं. ती भाकरी करायली होती, तिची दुसरीतली पोरगी माझ्या मोबाइलवर वाकलेली. मी मुद्दाम त्या बेटाची मॅच शोधून लावली होती. "हारले बघ परत," म्हणाले. कॅप्टननं नुसतं हूं केलं.

"मावशी, आई खरंच खेळायची?" पोरीनं विचारलं. "पप्पा म्हणतेत, थापा हाणती."

"थापा? तुझ्या आईनं विभागीयला गोल घातलाय. या डोळ्यांनी पाह्यलाय मी."

पोरगी आईकडं वळली. "मंग किती-किती झालं, आई?"

मी 'नऊ-एक' म्हणणारच होते. कॅप्टननं तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं न बघता म्हणाली, "नऊ-शून्य."